निळ्या जर्सीचा नाद

कोल्हापुरात फुटबॉलवरून भांडायला माणूस शोधावा लागत नाही. पाटाकडील तालमीचा एक आणि दिलबहारचा एक टपरीवर समोरासमोर आले की झालं. गेल्या हंगामातला एक गोल ऑफसाइड होता की नव्हता, यावरून एकमेकांच्या घरचं कार्य टाळलेले साडू मला ठाऊक आहेत. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की दुपारपासून गॅलरी भरते, पोलिसांचा बंदोबस्त लागतो, आणि दुकानातली पोरं कुणाची ना कुणाची मयत सांगून तीन वाजता सटकतात. विश्वचषक आला की शहराची वाटणी बदलते. पेठा बाजूला राहतात, घरटी ब्राझील नाहीतर अर्जेंटिना असा हिशेब सुरू होतो, चौकाचौकांत मेस्सी-नेमारचे कटआउट उभे राहतात. सख्खे भाऊ महिनाभर वेगवेगळ्या रंगांचे शर्ट घालून एका ताटात जेवतात.

माझा पक्ष तिसराच. मी भारताचा.

हे सांगितलं की समोरचा आधी हसतो, मग विचारतो, "क्रिकेटचं म्हणताय होय?" लक्ष्मीपुरीत माझं हार्डवेअरचं दुकान आहे. गल्ल्याच्या मागं, देवाच्या तसबिरीखाली सुनील छेत्रीची अकरा नंबरची निळी जर्सी टांगलेली आहे. बिजागऱ्या न्यायला आलेली माणसं ती बघून कुठल्या क्रिकेटपटूची म्हणून विचारतात. छेत्री म्हटलं तर मान हलवतात आणि बिजागऱ्यांचा भाव विचारतात. फुटबॉलसाठी जीव टाकणाऱ्या गावात हे चालतं, हे लक्षात घ्या.

संघ हरतो याचं वाईट वाटतं, पण हरण्याची माणसाला सवय होते. सवय होत नाही ती हरल्यावर गप्प बसण्याची. इंग्लंडची माणसं 1966 नंतर विश्वचषक जिंकला नाही म्हणून रडतात, पण सगळा देश मिळून रडतो. दुसऱ्या दिवशी कचेरीत, लोकलमध्ये, दारूच्या गुत्त्यात तोच विषय. आमचा सामना रात्री सव्वाअकराला संपतो आणि फोन लावावा असा माणूस नसतो. सकाळच्या पेपरात क्रीडापानाच्या तळाला चार ओळी, गोल कुणी केला त्याचं नाव चुकवून छापलेलं.

आणि ती बातमी वाचून कुणी तोंड उघडलंच, तर वाक्य ठरलेलं: "दीडशे कोटींत अकरा जण मिळत नाहीत?"

या वाक्याचा मला जितका वैताग आहे, तितका कुठल्या पराभवाचाही नाही. 2026 च्या विश्वचषकाला कुरासाओ पात्र ठरलं. कॅरिबियन समुद्रातलं बेट, वस्ती दीड लाखाच्या आसपास. 2011 च्या जनगणनेत एकट्या कोल्हापूर शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या घरात होती. त्या बेटाच्या संघातली बहुतेक पोरं नेदरलँड्समध्ये जन्मली आणि तिथल्याच क्लबांत तयार झाली, ही गोष्ट खरी, म्हणून तो दाखला सोडून देऊ. उझबेकिस्तान घ्या. त्यांची लोकसंख्या महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. 2023 मध्ये ते वीस वर्षांखालील गटात आशियाचे विजेते झाले, 2024 च्या ऑलिंपिकमध्ये खेळले, 2025 मध्ये सतरा वर्षांखालील आशियाई चषक जिंकला आणि मोठ्यांच्या विश्वचषकाला पहिल्यांदा पात्र ठरले. क्रम बघा. आधी पोरं, मग थोरले. डोकी मोजून फुटबॉल होत नाही. बारा-तेरा वर्षांचं पोरगं वर्षाला किती सामने खेळतं, ते मोजावं लागतं.

आमच्या पेठेतल्या पोराचं सांगतो. शाळेच्या संघात निवड होते, पावसाळ्यात आंतरशालेय स्पर्धा लागतात. स्पर्धा बाद पद्धतीची. पहिल्याच सामन्यात चिखलात कुणीतरी ढुशी मारून गोल केला की त्या पोराचं वर्ष संपलं. उरलेले महिने ते गांधी मैदानात थोरल्यांच्यात घुसून खेळतं, ड्रिब्लिंग शिकतं, पाय वाचवायला शिकतं, आणि गॅलरीला काय आवडतं तेही शिकतं. कधी थांबायचं, पास कधी सोडायचा, चेंडू आपल्याकडे नसताना कुठं उभं राहायचं, हे शिकवायला दर आठवड्याचा सामना आणि सोबत एक शहाणा माणूस लागतो. अलीकडे लहान वयोगटांच्या राष्ट्रीय लीग सुरू झाल्या आहेत, पण अकादमी असलेल्या क्लबांपलीकडे त्यांचा वारा लागत नाही.

तरी त्यातूनही एखादा निघतो. आमचा अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या संघात होता. स्पर्धा आपल्याच देशात. यजमान म्हणून थेट प्रवेश, त्यामुळे भारताचा कुठलाही फुटबॉल संघ पहिल्यांदाच विश्वचषकाच्या मैदानात उतरला. अमेरिकेकडून 3-0 असे हरलो. मग दिल्लीत कोलंबिया. एक गोल मागे असताना 82 व्या मिनिटाला कॉर्नरवर जीक्सन सिंगनं हेडर मारला आणि चेंडू आत. विश्वचषकातला भारताचा पहिला गोल! मी घरात खुर्चीवर चढलो होतो. उतरेपर्यंत कोलंबियानं दुसरा मारला होता. मिनिटभरही गेलं नसेल. पोरं अजून आनंदातच होती, मागं जागा मोकळी राहिली होती. पुढं घानानं 4-0 असं धुतलं, पण मला आठवतं ते दिल्लीतलं मिनिट. भारताचा पाठीराखा असणं म्हणजे काय, हे कुणी विचारलं तर मी तेवढी एक चित्रफीत दाखवतो.

म्हाताऱ्या माणसांना हे पटत नाही, कारण त्यांनी दुसरा भारत ऐकलेला आहे. 1951 ला दिल्लीत आणि 1962 ला जकार्तात आशियाई खेळांचं सुवर्ण. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक, आणि ऑस्ट्रेलियाविरुद्ध नेव्हिल डिसोझाची हॅट्ट्रिक. हा मुंबईत खेळणारा गडी ऑलिंपिकमध्ये हॅट्ट्रिक करणारा पहिला आशियाई. (पहिल्या फेरीत हंगेरीनं माघार घेतली म्हणून आपण न खेळताच पुढं सरकलो होतो, हे कुणी सांगत नाही.) जकार्ताच्या अंतिम सामन्यात डोक्याला टाके पडलेला बचावपटू जर्नेल सिंग सेंटर फॉरवर्ड म्हणून उतरला आणि त्यानं दक्षिण कोरियाविरुद्ध गोल केला. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांना कर्करोग होता, पुढच्या वर्षी ते गेले. 2024 मध्ये त्यांच्यावर 'मैदान' सिनेमा आला, तेव्हा दोघा-तिघा गिऱ्हाइकांना माझ्या जर्सीचा पत्ता लागला.

1950 च्या विश्वचषकाची गोष्ट मात्र सगळ्यांना पाठ असते: बूट घालायचे नाहीत म्हणून भारताला खेळू दिलं नाही. ती तेवढी खरी नाही. गटातल्या इतर देशांनी माघार घेतल्यानं आपल्याला प्रवेश मिळाला होता. सरावाला वेळ नाही, संघनिवडीवर एकमत नाही, अशी कारणं देऊन महासंघानं जाणं टाळलं. त्या काळी आपल्याकडे ऑलिंपिकचीच मातब्बरी होती, विश्वचषकाचं महत्त्व कुणाला वाटलं नाही. सगळा इतिहास म्हणजे पडक्या वाड्याची सनद झाली आहे. पाहुण्यांना दाखवायला भारी, रात्री झोपायला छप्पर नाही.

आता दुखण्याकडे येतो. आपण सरळ हरत नाही, हे खरं दुखणं. 0-4 असा मार खाल्ला तर माणूस टीव्ही बंद करून झोपतो. आपला संघ शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत बसवून ठेवतो. 2019 चा आशियाई चषक: थायलंडला 4-1 असं लोळवलं, बहरीनशी बरोबरी केली असती तरी बाद फेरी होती, आणि भरपाई वेळेत पेनल्टी दिली. त्याच वर्षी गुवाहाटीत ओमानविरुद्ध छेत्रीच्या गोलमुळे 82 व्या मिनिटापर्यंत पुढं होतो, हरलो 2-1. पाचच दिवसांनी दोहात आशियाई विजेत्या कतारला 0-0 असं रोखलं, गुरप्रीत सिंग संधूनं गोलपोस्टसमोर भिंत उभी केली. तेव्हा वाटलं, आता बदललं. पुढच्याच महिन्यात कोलकात्याच्या भरल्या मैदानात बांगलादेशशी बरोबरी करायला 88 व्या मिनिटाला गोव्याच्या आदिल खानचा हेडर लागला. जून 2025 मध्ये हाँगकाँगला पुन्हा तेच. पहिल्या हाफमध्ये रिकाम्या गोलची संधी घालवली आणि भरपाई वेळेत पेनल्टी देऊन बसलो.

याला दैव म्हणणारे म्हणोत. मला विचाराल तर एक गोल झाला की आपला संघ मागं मागं सरकतो आणि चेंडू मिळाला की तो लांब भिरकावून देतो. जो संघ चेंडू पायात ठेवू शकत नाही, तो ऐंशी मिनिटं नुसता धावतो. मग शेवटच्या दहा मिनिटांत पाय उचलत नाहीत, पाय उशिरा पोचतो, आणि उशिरा पोचलेल्या पायाला पेनल्टी म्हणतात.

एकदा मात्र सरळ सरळ लुटले गेलो. 11 जून 2024, दोहा. कतारला हरवलं तर विश्वचषक पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत पहिल्यांदाच जाण्याची संधी. छांगटेच्या गोलनं आपण पुढं. 73 व्या मिनिटाला चेंडू गोलपोस्टच्या बाजूनं रेषेबाहेर गेला, संधूसह आपली पोरं थांबली, कतारच्या खेळाडूनं तो टाचेनं आत ओढला आणि दुसऱ्यानं गोल केला. पंचांनी गोल दिला. व्हिडिओवर तपासण्याची सोय त्या सामन्यात नव्हती. अखेर 2-1 हरलो. त्या रात्री मी इतका ओरडलो की वरच्या मजल्यावरचे शेजारी काठी घेऊन खाली आले. दुसऱ्या दिवशी निदान चार लोकांनी हळहळ व्यक्त केली. पण मला ती हळहळ गोड लागली नाही. चोरी झाली हे खरंच. अडीच महिन्यांपूर्वी गुवाहाटीत, छेत्रीच्या दीडशेव्या सामन्यात, अफगाणिस्तानकडून 2-1 हरलो तेव्हा कुणी काय चोरलं होतं? तो सामना बरोबरीत जरी सुटला असता तरी दोहात गळ्याशी आलं नसतं. 2024 हे सबंध वर्ष आपण एकही सामना जिंकला नाही. सगळं पाप एका पंचाच्या माथी मारून मोकळं होणं सोयीचं आहे, एवढंच.

ऑक्टोबर 2025 मध्ये सिंगापूरविरुद्धचा सामना गोव्यात, मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर होता. आशियाई चषकाची आशा जिवंत ठेवायची तर जिंकणं भाग. दुकान भावाच्या गळ्यात मारलं आणि पुतण्याला गाडीत घातलं. पुतण्या अर्जेंटिनावाला. आजरा ओलांडून आंबोलीचा घाट उतरेपर्यंत त्याचं चालूच होतं, "काका, मेस्सीला बघायला गेलो असतो तर एक गोष्ट. ह्यास्नी बघायला एवढा घाट?" सावंतवाडीत चहा पाजून त्याचं तोंड बंद केलं.

फातोर्ड्याला आमच्या शेजारी एक गोंयकार गृहस्थ बसले होते. सत्तरीचे, डोक्याला टोपी, मांडीवर घडी घातलेला रेनकोट. मी कोल्हापूरहून आलोय म्हटल्यावर त्यांनी आधी पुतण्याला नीट बघून घेतलं, मग मराठीत विचारलं, "तुमच्याकडे अजून तालमींचे सामने भरतात ना? आमचं बघा. धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग, तिघांनीही 2016 मध्ये राष्ट्रीय लीग सोडली." एकेकाळी भारताचा अर्धा संघ या गावांतून निघायचा. ब्रह्मानंद शंखवाळकरांनी गोल राखताना पाहिल्याचं ते सांगत होते. सांगताना त्यांचे दोन्ही हात आपोआप छातीसमोर आले, चेंडू धरल्यासारखे.

चौदाव्या मिनिटाला छांगटेनं बॉक्सबाहेरून डाव्या पायानं असा फटका ठेवून दिला की गोलकीपर हवेतच राहिला. पुतण्या उभा! "लै भारी काका!" एवढं म्हणून त्यानं माझीच जर्सी ओढली. मला मात्र आनंदाबरोबर पोटात गोळाही आला, कारण घड्याळात अजून शहात्तर मिनिटं होती. शेजारच्या काकांनी टाळ्या वाजवल्या आणि लगेच थांबून मैदानाकडे बोट केलं. गोल झाल्यावर आपली मधली फळी दहा-पंधरा पावलं मागं आली होती. संदेश झिंगन आधीच्या सामन्यातल्या लाल कार्डामुळे नव्हता, मागं सांभाळून घेणारा आवाज नव्हता. टीव्हीवर कॅमेरा चेंडूमागं धावतो, त्यामुळे हे दिसत नाही. गॅलरीतून दिसतं. आपल्या दोन रांगांच्या मध्ये एक मोठा मोकळा पट्टा तयार झाला आणि सिंगापूरची पोरं त्यात निवांत वळायला लागली. मध्यंतराच्या मिनिटभर आधी सोंग उई-यंगनं बरोबरी केली. 58 व्या मिनिटाला त्यानंच दुसरा मारला.

त्यानंतरचा अर्धा तास मी सांगत बसत नाही. आपण चेंडू बॉक्समध्ये टाकत राहिलो, ते डोक्यानं परत पाठवत राहिले. 2-1. आशियाई चषकाचं दार बंद. काकांनी रेनकोट काखेत मारला, "कितें सांगूं तुका" एवढंच पुटपुटले आणि पायऱ्या उतरले. परतीच्या वाटेवर पुतण्यानं विचारलं, "तो दोन गोलवाला कोरियाचा आहे म्हणे?" आहे. जन्म दक्षिण कोरियाचा, सिंगापूरच्या क्लबात खेळला, तिथला नागरिक झाला.

हा मुद्दा आता दर पराभवानंतर निघतो. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. परदेशात जन्मलेल्या भारतीय वंशाच्या खेळाडूला भारताकडून खेळायचं तर हातातला पासपोर्ट सोडावा लागतो. बांगलादेशला तसा प्रश्न आला नाही. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये खेळलेला हमझा चौधरी त्यांच्याकडून उतरला, आणि पहिलाच सामना शिलाँगला आपल्याशी, 0-0. नोव्हेंबर 2025 मध्ये ढाक्यात त्यांनी आपल्याला 1-0 असं हरवलं, बावीस वर्षांत पहिल्यांदा. ऑस्ट्रेलियात वाढलेल्या रायन विल्यम्सनं, ज्याचं आईकडून मुंबईशी नातं आहे, ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून आपला घेतला. त्याला सलाम. पण असे किती जण पासपोर्ट सोडतील? आणि सोडले तरी चार पाहुण्यांनी घर चालत नाही.

घर कसं चाललंय ते बघू. ऑगस्ट 2022 मध्ये फिफानं आपल्या महासंघाला निलंबित केलं होतं; कारभार न्यायालयानं नेमलेल्या समितीच्या हाती होता आणि बाहेरचा हस्तक्षेप फिफाला चालत नाही. अकरा-बारा दिवसांत निलंबन उठलं. पुढच्या वर्षी बातमी गाजली की संघनिवडीसाठी ज्योतिषाचा सल्ला घेतला जात होता. आमच्या गल्लीत मुहूर्त बघून बोअर मारतात, त्यामुळे मी फार हसलो नाही. मग 2024 मध्ये प्रशिक्षक इगोर स्टिमाक गेले, मनोलो मार्केझ आले. ते गोव्याच्या क्लबालाही शिकवत होते आणि देशालाही, दोन्ही घरचा पाहुणा. वर्षभरात तेही गेले. ऑगस्ट 2025 पासून खालिद जमील. मुंबईच्या मैदानांवर खेळलेला, आयझॉलसारख्या लहान क्लबाला 2017 मध्ये आय-लीग जिंकून देणारा माणूस. त्यांच्या पहिल्याच स्पर्धेत ओमानला टायब्रेकरवर हरवून तिसरा क्रमांक आला तेव्हा मी दुकानात पेढे वाटले. कशाबद्दल ते कुणी विचारलं नाही, पेढे खाल्ले.

पण प्रशिक्षक काय करणार? महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार संपत आला होता, नवा होईना, म्हणून जुलै 2025 मध्ये इंडियन सुपर लीग थांबवली गेली. सप्टेंबर उजाडला, लीग सुरू झाली नाही. काही क्लबांनी पगार रोखले. फातोर्ड्याला उतरलेली आपली पोरं त्या हंगामातला लीगचा एकही सामना खेळलेली नव्हती. मोकळा पट्टा गॅलरीतून मला दिसला तो काही त्या संध्याकाळी तयार झालेला नव्हता.

दुसरी गोष्ट गोल मारणाऱ्याची. 2024-25 च्या लीगमध्ये सर्वाधिक 23 गोल मोरोक्कोच्या अलाएद्दीन अजाराईचे. भारतीयांत सगळ्यांत जास्त कुणाचे? चाळिशीतल्या छेत्रीचे, 14. त्यानं जून 2024 मध्ये कोलकात्यात डोळे पुसत देशाच्या संघातून निवृत्ती घेतली होती. नऊ महिन्यांनी त्याला परत बोलवावं लागलं, आणि आल्या आल्या मालदीवविरुद्ध गोलही त्यानंच केला, देशासाठी 95 वा. मला आनंद झाला म्हणू की लाज वाटली म्हणू? क्लबाला जिंकायचं असतं, म्हणून तो पुढच्या जागेवर परदेशी घेतो, आणि आपलं पोरगं विंगवर नाहीतर बाकावर. क्लबांना तरी काय बोलायचं? आमच्या तालमीसुद्धा मोसमाला नायजेरियाहून सेंटर फॉरवर्ड आणतात आणि त्यानं गोल मारला की आम्हीच हलगी वाजवतो.

छेत्रीवरून आठवलं. जून 2018 मध्ये मुंबईत अंधेरीला चौरंगी स्पर्धा होती. पहिल्या सामन्यात आपण चायनीज तैपेईला 5-0 हरवलं, छेत्रीची हॅट्ट्रिक, आणि प्रेक्षक 2,569. शाहू स्टेडियमवर साध्या साखळी सामन्याला याहून जास्त असतात. मग छेत्रीनं व्हिडिओ टाकून हात जोडले: शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात या. मी रात्रीच्या गाडीनं गेलो. केनियाविरुद्धचा सामना, त्याचा शंभरावा, तिकिटं संपलेली, वरून धो धो पाऊस. मध्यंतरापर्यंत काहीच नाही. मैदानात पाणी साचलं, चेंडू पुढं सरकेना. आणि नंतर तीन गोल. माझ्या एका बाजूला नागपूरचा एलआयसीवाला, दुसऱ्या बाजूला डोंबिवलीच्या दोघी बहिणी, मागं 'ब्लू पिलग्रिम्स' या पाठीराख्यांच्या गटाचे ढोल. पावसानं तिकिटाचा लगदा झाला. बाहेर वडापावच्या गाडीवर आम्ही तासभर भांडलो, जेजे चांगला की छेत्री, आणि दोघांना एकत्र खेळवायचं तर कसं. इतकं सुखाचं भांडण मी आमच्या गावात कधी केलेलं नाही. नंतर न्यूझीलंडकडून आपण हरलो, तरी मला फारसं लागलं नाही.

म्हणून तर कधी कधी राग येतो तो फुटबॉल न बघणाऱ्यांचा येत नाही; त्यांचं काय घेऊन बसायचं? राग येतो तो माझ्या गावातल्या, ऑफसाइडचा नियम झोपेत सांगू शकणाऱ्या माणसांचा. हीच माणसं रात्री दीड वाजता मँचेस्टरचा सामना बघतात. जुलै 2025 मध्ये आपल्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात 2-1 असं हरवून आशियाई चषक गाठला, दोन्ही गोल संगीता बासफोरचे. मी पाटाकडीलच्या चार कट्टर मंडळींना विचारलं. एकालाही पत्ता नव्हता. फिफाच्या क्रमवारीत 2023 मध्ये आपण पहिल्या शंभरात होतो, 2025 च्या शेवटी 142 वर आलो. ही घसरण नुसती अब्रूची नसते. क्रमवारी खाली गेली की पुढच्या स्पर्धेच्या सोडतीत खालच्या भांड्यात पडता, गटात तगडे देश येतात, पुन्हा हरता, पुन्हा खाली. हे समजावून सांगायला लागलं की माणसं घड्याळ बघतात.

ढाक्यातल्या पराभवानंतर बाराच दिवसांनी अहमदाबादला सतरा वर्षांखालच्या आपल्या पोरांनी इराणला 2-1 असं हरवलं. आधी एक गोल खाल्ला, पेनल्टीवर बरोबरी केली, मध्यंतरानंतर पुढं गेली, आणि उरलेला वेळ मागं न सरकता काढला. जिंकल्याशिवाय आशियाई चषकाचं तिकीट नव्हतं, ते मिळालं. प्रशिक्षक गोव्याचे बिबियानो फर्नांडिस. पुतण्या त्या दिवशी माझ्याबरोबर शेवटपर्यंत बसला, फोन हातात न घेता.

त्याला मी 2017 ची गोष्ट सांगितली. त्या विश्वचषकाची पोरं वाया जाऊ नयेत म्हणून महासंघानं त्यांचा 'इंडियन अॅरोज' नावाचा अख्खा संघच आय-लीगमध्ये उतरवला होता. मोठ्यांशी खेळून मार खायचे, पण दर आठवड्याला खेळायचे. तो संघ 2022 मध्ये बंद केला. पुतण्यानं विचारलं, "मग ही पोरं अठराव्या वर्षी खेळणार कुठं?" मी म्हटलं, महासंघाला पत्र लिही. त्यानं खरंच लिहिलं, शुद्धलेखन मी तपासून दिलं. पोच अजून आलेली नाही.